अस्सल पेटी, तोतया पेटी

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. तब्येत विचारणार होतो, पण उत्तर "मला काय धाड भरलीये" असंच येणार, म्हणून थेट पुढे जातो.

फोन करू नकोस, पत्र लिही, असं तू मागच्या वेळी बजावलंस. फोनवर मी फार सफाईने थापा मारतो आणि कागदावर मला त्या सुचायला वेळ लागतो, हे तुझं निदान बरोबर आहे. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या प्लास्टर-खोलीत लोकांचे हातपाय बांधलेस. "जिन्यावरून पडलो" म्हणणारा खरा कुठून पडला, हे तुला त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. तर हा घे कागद.

नोकरी लागली. हसू नकोस. ही आठवी, हे मलाही माहीत आहे. नाजूक वस्तू बांधून परगावी पाठवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे उंच छताची एक लांबलचक खोली, मधे जेवणाच्या पंक्तीएवढं टेबल, भिंतींना पुठ्ठे, फळ्या, कापूस, भुसा, दोऱ्या. माणसं दोन, मालक आणि मी. मालकांना सगळा बाजार 'कोपरा' म्हणतो. कारण कोणी कुठलीही बांधलेली पेटी दाखवली की ते एकच विचारतात, "कोपऱ्यावर पाडून बघितलीत?"

इथली रीत ऐक. अस्सल वस्तू पाठवायच्या आधी तिच्याच वजनाची, तिच्याहून जास्त नाही तर तितकीच तरी ठिसूळ अशी एक खोटी वस्तू बांधायची. तिला 'तोतया' म्हणतात. मग मालक तोतयाची पेटी खांद्याएवढ्या उंचीवरून तीनदा पाडतात. एकदा तोंडावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. तोतया जगला तर अस्सल निघतं. मालक वस्तू पाडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांती असते, की वाटतं, या माणसाने लहानपणी घरातलं काहीही फोडलं नसावं आणि ते राहून गेलेलं आता वसूल करतोय.

पुठ्ठा तू कधी कडेने बघितलास का? दोन कागदांच्या मधे एक नागमोडी कागद असतो. नुसता कागद माझ्या एका फुंकरीने उडतो. तोच नागमोडी चिकटवला की त्या खोक्यावर मी बसतो. काल बसलो. मग उभा राहिलो. मग मालक आले. असो.

मोठं काम आलंय. गावाबाहेरच्या संग्रहालयाला नवी इमारत मिळाली आहे, तिथे त्यांचा सगळा संसार हलवायचाय. त्यातली सगळ्यांत नाजूक वस्तू मालकांनी माझ्यावर सोपवली. काचेचा स्पंज! समुद्राच्या तळाशी राहणारा जीव, स्वतःच्या अंगातून काचेचे धागे काढून जाळीदार नळी विणतो आणि त्यातच राहतो. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, हा एवढा अखंड त्यांनी दुसरा बघितलेला नाही. बाई फार हुशार आहेत. बाईंनी मला भिंगातून दाखवला. बाई म्हणाल्या, बघताना श्वास सोडू नको.

हाड आतून कसं असतं गं? कधी विचारलंच नाही तुला. आणि घरी सगळं ठीक ना?

तुझा,
भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगते आहे, शेजारच्या काकू लिहीत आहेत. (मी निवृत्त शिक्षिका आहे. सांगितलं जाईल तेच लिहीन. – काकू)

जानेवारीच्या दहा तारखेला मी पडले. उजवं मनगट. तुला कळवलं नाही, कारण तू ती नोकरी, जी कोणती होती ती, सोडून धावत आला असतास आणि आल्यावर माझ्याच हातचा चहा पीत बसला असतास. माळ्यावरचा डबा काढत होते, स्टूल हललं. (स्टुलावर खुर्ची ठेवलेली होती. – काकू) काकू, हे मी सांगितलेलं नाही. (पण झालेलं आहे. – काकू)

माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरीने प्लास्टर घातलं. बरं घातलं. मी दोनदा सुधारलं.

हाड विचारतोस. मधे पोकळ नळी असते, टोकाला आत जाळी. भरीव असतं तर आपण सगळे जागच्या जागी बसलो असतो, तू सोडून. जिकडून भार येतो, त्या दिशेला जाळीच्या काड्या जाड होत जातात. भार थांबला की हाड म्हणतं, आपलं काम संपलं, आणि काड्या बारीक व्हायला लागतात. म्हणून प्लास्टर वेळेवर काढावं लागतं. लोक येतात आणि म्हणतात, राहू द्या अजून पंधरा दिवस, बरं वाटतं. त्यांना मी हाकलून द्यायचे. नको म्हणाले तर कात्री दाखवायचे.

तुझ्या कामाचं एक सांगते. नवखी पोरं प्लास्टर घट्ट बांधतात. घट्ट म्हणजे सुरक्षित, असं त्यांना वाटतं. मोडलेला हात सुजतो. त्या सुजेला जागा ठेवली नाही, तर बोटं निळी पडतात आणि हाडापेक्षा प्लास्टरच जास्त छळतं. आत कापसाचा थर असतो तो याचसाठी. धरायचं, पण आवळायचं नाही.

तुझ्या पत्रात या संग्रहालयाच्या बाई एका दमात चारदा आल्या. वय काय त्यांचं? घरी कोण कोण असतं? हुशार आहेत हे कळलं. (मीही हाच प्रश्न विचारणार होते. – काकू)

ही नोकरी तीन महिने तरी टिकव. त्याआधी सोडलीस, तर मला पत्र लिहू नकोस.

तुझी,
आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

स्टुलावर खुर्ची?

तू मला सायकलच्या मागच्या चाकावर उभा राहिलो म्हणून फटका मारला होतास. मी नववीत होतो. आता आपण फिटलो.

काकूंना नमस्कार. त्यांचं अक्षर बघून मी आपोआप ताठ बसलो.

बाई पासष्टच्या आहेत. दोन चष्मे लावतात, एक डोळ्यांवर, एक कपाळावर. घरी त्या आणि बेचाळीस प्रकारचे शंख. तेव्हा तुमचे प्रश्न मागे घ्या दोघींनी.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चार तोतये मारून बसलो होतो. इथे तोतया म्हणजे गेलेला बल्ब, शेजारी वजन जुळवायला वाळूची पुरचुंडी. मी काय करायचो, बल्बभोवती कापूस ठासून भरायचो. इतका, की बल्बला हूं की चूं करता येऊ नये. पेटी पाडली की आतून 'खळ्'. आणखी ठासायचो. आणखी 'खळ्'. मालक नुसते बघत होते. चौथ्या वेळी म्हणाले, "तू बांधतोयस की गळा दाबतोयस?"

मग तुझं पत्र आलं. धरायचं, पण आवळायचं नाही. मी पत्र खिशात टाकून बाजारात फिरायला गेलो. फिरल्याशिवाय मला काही सुचत नाही हे तुला माहीत आहे. तिथे एका हातगाडीवर पपनसांचा डोंगर. एक घरंगळून खाली पडलं, चांगलं कमरेएवढ्या उंचीवरून. फळवालीने उचललं, पदराला पुसलं आणि परत ठेवलं. मी ते विकत घेऊन तिथेच कापलं. साल बोटभर जाड! बाहेरून घट्ट, मग पांढरा मऊ थर, आत जावं तसा आणखी विरळ. झाड एवढं उंच, फळ एवढं जड, पडायचं तर आहेच, मग साल अशी. फळवाली म्हणाली, "खाणार आहात की नुसतं बघणार?" मी म्हटलं, बघणार. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी अर्धं तिलाच देऊन आलो.

तशीच पेटी केली. बाहेर फळी, आत पुठ्ठा, मग दाबलेला कापूस, मग पिंजलेला, मग अगदी ढगासारखा. पाचवा तोतया कडेवर पडूनही जगला! कोपऱ्यावर पाडायची परीक्षा उद्या, मालकांच्या हातून.

स्पंजाबद्दल आणखी एक. त्याच्या नळीत कोळंबीची एक जोडी राहते. लहानपणी जाळीतून आत शिरतात, आत वाढतात आणि मग मोठ्या झाल्यामुळे बाहेर पडता येत नाही. आपल्या स्पंजातही दोघं आहेत, वाळलेली. बाई म्हणतात, शत्रू आत येऊ शकत नाही. मी म्हटलं, आणि तीही बाहेर जाऊ शकत नाहीत. बाई म्हणाल्या, "तू किती नोकऱ्या सोडल्यास रे?" मी विषय बदलला.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

आत्या,

मी पळून जाऊ का? फक्त हो किंवा नाही कळव. नाही, थांब, आधी ऐक.

इथे एक नियम आहे, तो मागे सांगायचा राहिला. अस्सल पेटी आणि तोतया पेटी अगदी सारख्या करतात. फळी तीच, वजन तेच, खिळे तेवढेच. आणि परीक्षा होईपर्यंत एकीवरही खूण करायची नाही. मालक म्हणतात, आपल्या हातात तोतया आहे हे हाताला कळलं, की हात एकतर माया करतो नाहीतर सूड घेतो. म्हणून कुठली कुठली हे फक्त बांधणाऱ्याने डोक्यात ठेवायचं.

परवा सकाळी बाई येऊन स्पंज स्वतः मलमलीत गुंडाळून, दोऱ्याची गाठ मारून, गाठीवर लाखेचं शिक्कामोर्तब करून गेल्या. मी तो पेटीत बसवला, झाकण ठोकलं. दोन्ही पेट्या टेबलावर. डावीकडे अस्सल, उजवीकडे तोतया. डोक्यात पक्कं बसवलं. डावी अस्सल, उजवी तोतया.

मग खिडकीत एक भुंगा आला.

आत्या, भुंग्याला चार पंख असतात. वरचे दोन उडायचे नाहीतच, नुसत्या ढाली. खालचे नाजूक पंख घडी घालून त्याखाली ठेवतो आणि ढाली अशा मिटतात की मधली शीवसुद्धा दिसत नाही. मी टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेलो आणि बघत उभा राहिलो. तेवढ्यात मालक आले. हातांवर हात चोळत म्हणाले, "हं, तोतया कुठला?"

मी मागे वळून, बोट दाखवून म्हटलं, "उजवीकडचा."

टेबलाच्या दुसऱ्या बाजूने उजवीकडचा.

मालकांनी पाडला. तोंडावर. कडेवर. मग कोपऱ्यावर, जरा जास्तच प्रेमाने. कान लावून हलवून बघितला. "आवाज नाही. पण कापसात फुटलेलं बोलत नाही. उघडून बघ आणि सांग," म्हणाले आणि चहाला गेले. मी झाकण काढलं, कापूस बाजूला केला. आत बाईंची मलमल, बाईंची लाल लाख.

मी झाकण परत ठोकलं.

मालक आले. विचारलं, "जगला?" मी म्हटलं, "ठीक आहे."

आता स्पंज अखंड आहे की त्याचा चुरा झालाय, हे मला माहीत नाही. लाख तोडल्याशिवाय बघता येत नाही आणि तोडली तर बाईंना कळणार. गप्प राहिलो तर पेट्या वीस तारखेला ट्रकमध्ये चढतील. नव्या इमारतीत उघडल्यावर फुटलेला निघाला, तर सगळे ट्रकवाल्याला धरतील. तो काल इथे येऊन मोजमाप घेऊन गेला. जाताना मला पेरू देऊन गेला. तो पेरू मी अजून खाल्लेला नाही.

गाडी रोज संध्याकाळी सहाला आहे.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

नाही.

मनगट सुजलेलं आहे, आत काय झालं माहीत नाही, अशा माणसाचं आम्ही आधी काय करतो? फोटो काढतो. न बघता वरून पांढरं प्लास्टर थापणारे लोक मी बघितले आहेत. दिसायला काम सुंदर दिसतं. दोन महिन्यांनी हात वाकडा जुळलेला असतो, मग तो परत मोडून सरळ करावा लागतो. तू "ठीक आहे" म्हणालास, ते असलं प्लास्टर आहे. जितके दिवस राहील तितकं काढताना जास्त दुखेल.

मालकांना आणि बाईंना एकत्र बोलव. दोघांच्या समोर सांग. लाख बाईंना तोडू दे. आतून काय निघायचं ते निघो, ट्रकवाल्याच्या डोक्यावर येणार नाही एवढं बघ. आणि तो पेरू खा, नासेल.

नोकरी गेली तर गेली. पण हाकलून दिलेला माणूस आणि पळालेला माणूस यांत फरक आहे. सात वेळा तू पळालेला होतास. एकदा हाकलून घेऊन बघ.

तुझी,
आत्या

ता. क. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, आत्याबाई डुलकी घेत आहेत. वरचं सगळं त्यांनी फार करारी आवाजात सांगितलं. परंतु त्यांचं स्वतःचं प्लास्टर एकवीस फेब्रुवारीला काढायचं होतं. आज अकरा दिवस झाले. रुग्णालयातून दोनदा निरोप आला. एकदा म्हणाल्या, डोकं दुखतंय. एकदा म्हणाल्या, आज अंगात कणकण आहे. काल मी कात्री दाखवली, तर माझ्यावरच डाफरल्या. भीती वाटते म्हणावं, तर त्या कोणाला घाबरतील असं वाटत नाही. तुम्ही जवळचे आहात, म्हणून कळवलं. पत्र मी बंद करून पाठवते आहे. – काकू


८ मार्च

आत्या,

काकूंचा ता. क. पोचला. त्यांच्यावर चिडू नकोस. नाहीतर चीड, पण माझं आधी ऐक.

तू मला सांगतेस फोटो काढ. तू मला सांगतेस उघडून बघ. लोकांना पंधरा दिवस जास्त हवे असले की तू कात्री दाखवायचीस. आणि आता तुझं डोकं दुखतंय, अंगात कणकण आहे. तुझ्या मनगटातल्या काड्या म्हणत असतील, आपलं काम संपलं, चला घरी.

तर असं करू. चौदा तारखेला, मंगळवारी, सकाळी अकराला. तू रुग्णालयात टेबलावर हात ठेव. मी इथे टेबलावर पेटी ठेवतो. मालकांना आणि बाईंना मी आजच बोलावणं केलंय. कशासाठी ते सांगितलेलं नाही. मालक समजतात, मी लग्न करतोय.

तू नाही उघडलंस, तर मीही नाही.

भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

हे मी स्वतः लिहिते आहे. अक्षर वाचता येत नसेल तर उजेडात धर. काकू बाजारात गेल्या आहेत.

मंगळवारी अकराला उघडलं. करवत चालवणारी माझीच पोरगी. "बाई, हलू नका" म्हणाली मला. मला! हाड चांगलं जुळलंय. हात मात्र दुसऱ्या कोणाचा तरी असावा असा निघाला. बारीक, पांढुरका, वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा. मी हजारो हात असे बघितले. आपला बघितला की वेगळं वाटतं.

भीती नव्हती रे. जानेवारीपासून काकू दोन वेळा येतात. भाजी चिरतात, वेणी घालतात, तुझी पत्रं वाचतात, चारला पत्त्यांचा डाव असतो. त्या माझे पत्ते त्यांच्या हातात धरतात आणि तरी हरतात. चौदा वर्षं आमच्या मधे एकच भिंत आहे. या दहा आठवड्यांआधी आम्ही पाण्याच्या वेळेपलीकडे बोललो नव्हतो. मला वाटलं, प्लास्टर निघालं की काकू भिंतीपलीकडे जातील. बुधवारी त्या आल्याच. म्हणाल्या, "आता तुमचे पत्ते तुम्ही धरा, मला जिंकायचंय." तेव्हा विषय संपला.

आता पंधरा दिवस गळ्यात झोळी. प्लास्टर हाताला धरून ठेवतं, झोळी नुसती तोलते. चालताना हात तिच्यात हलतो, थोडासा, आणि शरीराला बसलेला धक्का त्याच्यापर्यंत येता येता विरतो. मी दुसऱ्यांना हजारदा बांधली. गळ्यात घालून चालल्यावर पहिल्यांदा कळली.

ते राहू दे. सहा दिवस झाले. तुझं पत्र नाही. काकू म्हणतात, टपाल तुंबलं असेल. मी तुला लहानपणापासून ओळखते. संध्याकाळी सहाची गाडी गाठलीस, होय ना? मी उघडलं रे. तू काय केलंस?

आत्या


२९ मार्च

आत्या,

पळालो नाही. पण अगदीच नाही असंही नाही. सोमवारी संध्याकाळी पिशवी भरून स्टँडवर गेलो होतो. गाडी लागलेली होती. खिडकीची जागा होती. मग डोळ्यांसमोर तू आलीस, अकरा वाजता टेबलावर हात ठेवून बसलेली, आणि मी कुठल्यातरी घाटात. स्टँडवरच पेरू खाल्ला आणि परत आलो. वेडावाकडा नरम झाला होता, पण गोड होता.

मंगळवारी मालक इस्त्रीचा सदरा घालून आले. बाई दोन्ही चष्मे घालून. मी पेटी टेबलावर ठेवली, टेबलाची बाजू दोनदा तपासली आणि एका दमात सगळं सांगितलं. भुंग्यासकट. मालकांनी मधे फक्त एकदा विचारलं, "म्हणजे लग्न नाही?"

बाईंनी नखाने लाख उडवली, गाठ सोडली, मलमलीचा एकेक पदर बाजूला केला. मी भिंतीकडे बघत होतो. मग न राहवून बघितलं, तर त्या कपाळावरचा चष्मा डोळ्यांवरच्या चष्म्यावर लावून वाकल्या होत्या.

स्पंज अखंड! तळाशी केसांसारखे धागे असतात, त्यातले दहाएक तुटले होते, तेवढंच. नळीला टवकासुद्धा नाही. कोळंबी नवराबायको आपल्या जागी.

"किती उंचीवरून?" बाईंनी विचारलं.

"माझ्या खांद्याइतक्या," मालक म्हणाले. "तीनदा."

"कोपऱ्यावर?"

"कोपऱ्यावर."

आणि आत्या, मालकांची छाती फुगायला लागली. थांबवत होते, पण थांबेना. "बघा," म्हणाले, "याला पेटी म्हणतात." मला वाटलं, सुटलो. तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला कुठे दार आहे? मी म्हटलं, "पण मग तोतयाची परीक्षा राहिलीच की."

नियम म्हणजे नियम. मालकांनी दुसरी पेटी उचलली. तोंडावर पाडली. कडेवर पाडली. कोपऱ्यावर पाडली.

'खळ्.'

इतक्या शांततेत बल्ब फुटलेला मी कधी ऐकला नव्हता. उघडलं तर आत चुरा. तीच फळी, तोच कापूस, तेच थर, तीच उंची. पहिल्यांदा बाई हसल्या. चष्मे काढून डोळे पुसत हसल्या. मग म्हणाल्या, तुमचा बल्ब नुसता काचेचा पापुद्रा आहे, कुठेही तडा गेला की सगळीकडे जातो. याच्या जाळीत उभ्या काड्या आहेत, आडव्या आहेत, वर तिरप्या आहेत, धक्का वाटला जातो. आणि यातला एकेक धागा कांद्यासारखा पदरापदरांचा आहे. एका पदराला तडा गेला, तर पुढच्या पदरापाशी अडतो. समुद्राच्या तळाशी याला कापसात कोण गुंडाळणार होतं?

मालक खाली बसले. फुटलेल्या बल्बाकडे बघत म्हणाले, "म्हणजे पेटीने त्याला वाचवलं नाही. त्याने पेटीची अब्रू वाचवली."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू खोटं बोललास त्याचं काय करायचं ते नंतर. आधी हा का मेला ते शोध. असल्या पेटीतून मी माझी चप्पलसुद्धा पाठवणार नाही."

म्हणून पत्र नाही. सांगून टाकलं की मोकळा होईन असं मला वाटलं होतं. उलट कामाला जुंपलो. मालकांनी ट्रक अठ्ठावीसपर्यंत पुढे ढकलला. मी पपनसाची साल आणखी जाड केली, फुटला. भुसा घातला, फुटला. पुठ्ठ्याच्या नागमोडीची घरटी केली, फुटला. सतरा बल्ब! आजूबाजूच्या सगळ्या दुकानांतले गेलेले बल्ब आम्ही संपवले. पलीकडचा न्हावी तर हल्ली चालू बल्बाकडेही आशेने बघतो, गेला की आमच्याकडे आणून द्यायला. मालक काढून टाकण्याबद्दल बोलत नव्हते, ठेवण्याबद्दलही बोलत नव्हते. मी रोज सकाळी पिशवीसकट यायचो, म्हणजे हाकललं तर परत खोलीवर जायला नको.

चोवीस तारखेला तुझं पत्र आलं. तुझं अक्षर उजेडात धरूनही वाचता येईना, मालकांनी भिंग दिलं. झोळीपाशी आलो आणि पत्र त्यांच्या हातात ठेवून कात्री शोधायला पळालो. मी आजवर बल्बला आठी दिशांनी काहीतरी टेकवत होतो! टेकवायचंच कशाला? पेटीच्या आठ कोपऱ्यांतून आठ कापडी पट्ट्या काढल्या आणि मधे झोळी टांगली. बल्ब तिच्यात. कशालाच टेकलेला नाही. पेटी हलली तर तो हलतो, जरा उशिराने, जरा कमी. मालकांनी बोट लावून हलवून बघितलं. मग पुन्हा हलवून बघितलं. मग माझी पाळीच येईना.

त्यांनी पत्र पुढेही वाचलं, याबद्दल माफ कर. काकूंच्या पत्त्यांपाशी येऊन नाक ओढलं आणि म्हणाले, धूळ फार झालीय इथे.

पंचवीसला दुपारी परीक्षा. गेलेला बल्ब एकही शिल्लक नव्हता, म्हणून मालकांनी दुकानातून कोरा आणला. तोंडावर. कडेवर. कोपऱ्यावर. मग त्यांनी कोपऱ्यावर आणखी एकदा पाडली, नियमात नव्हतं तरी. कान लावला. मी झाकण काढलं. बल्ब झोळीत डुलत होता.

मालकांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला. टेबलाच्या वरचा बल्ब महिन्यापूर्वी गेला, तोही आम्ही तोतया करून फोडला होता, दुपारीही तिथे अंधारच असायचा. ते स्टुलावर चढले. मी स्टूल धरून उभा राहिलो, दोन्ही हातांनी. त्यांनी तो वर बसवला आणि बटण दाबायला सांगितलं.

लागला.

काल अस्सल गेलं, तसल्याच झोळीत. बाई ट्रकमध्ये पुढे बसल्या, ट्रकवाल्याला दर वळणावर सूचना द्यायला. मी तोतयाची रिकामी झोळी गुंडाळून ठेवत होतो. मालक त्या उजेडाकडे मान वर करून बघत उभे होते.

म्हणाले, "हा आता फोडायचा नाही. उद्या दुसरे आण, डझनभर."

मी विचारलं, "म्हणजे उद्या मी यायचं?"

"मग बल्ब कोण आणणार?" ते म्हणाले.

तर आत्या, आज सकाळी बल्ब आणायला गेलो होतो.

भिंगरी